तळपायातली मर्मं आणि काशाची वाटी: घरच्या घरी, दणकून न दाबता

मागच्या दिवाळीत मी बाबांची पोटरी निळी करून ठेवली. हेतू चांगलाच होता हो, चार व्हिडिओ बघून झाले होते, पोटरीच्या मधोमध इंद्रबस्ती नावाचं मर्म, म्हणजे आयुर्वेदाने सांगितलेली एक खास जागा, असतं हे कळलं होतं, बाबांना रात्री पोटरीत गोळा येतो, मग काय, मी कोपर रोवून चांगला दाब दिला. बाबा बिचारे "बरं वाटतंय गं" म्हणत राहिले. सकाळी बघते तर तळहाताएवढा डाग. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात हे मला माहीत होतं, पण त्याचा आणि पाय चेपण्याचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. डॉक्टरांनी माझी जी हजेरी घेतली ती अजून आठवते.

त्यानंतर व्हिडिओ बंद केले आणि या मर्मांबद्दल मुळात काय लिहिलंय ते वाचायला बसले, आणि पहिल्याच पानात कळलं की मी अगदी उलटं करत होते.

मर्म म्हणजे जपायची जागा

सुश्रुतसंहिता हा शस्त्रक्रियेचा जुना ग्रंथ, त्याच्या शारीरस्थान या भागात 6वा अध्याय अख्खा मर्मांवर आहे. एकूण 107 मर्मं. प्रत्येक हातात 11, प्रत्येक पायात 11, म्हणजे 44 झाली, पोट-छाती-पाठ मिळून 26 आणि मान-डोकं धरून 37. आता आपल्याला वाटतं की तिथे "अमुक जागा दाबा, तमुक दुखणं जाईल" असं काहीतरी असणार. तसं काही नाहीये. तो शल्यकर्म करणाऱ्या वैद्यासाठी लिहिलेला धोक्याचा नकाशा आहे. कुठे घाव बसला तर माणूस लगेच दगावतो (अशी 19), कुठे काही दिवसांनी दगावतो (33), कुठे रुतलेला बाण तसाच ठेवला तर जगतो आणि उपसला की जातो (3), कुठे कायमचं व्यंग येतं (44), आणि कुठे नुसतीच भयंकर वेदना होते (8). बेरीज करून बघा, 107 बरोबर येते. शस्त्र चालवताना या जागा वाचवा, एवढं सांगायचंय तिथे.

आपल्या मराठीला हे पक्कं माहीत आहे खरं तर. वर्मी घाव बसला, मर्मावर बोट ठेवलं, असं आपण म्हणतो तेव्हा ती जागा हळवी असते हेच सांगत असतो ना. आणि गंमत बघा, तमिळमध्ये या विद्येचं नावच वर्मम आहे. त्यांच्याकडे मोजणी 108 ची, त्यातली 12 पडुवर्मम म्हणजे जीवघेणी आणि 96 तोडुवर्मम म्हणजे स्पर्शाची. केरळातल्या कळरीत, म्हणजे युद्धकलेच्या आखाड्यात, जो गुरुक्कल (तिथला गुरू) मारायचं कसं ते शिकवतो तोच नंतर तेल लावून मोडकं-मुरगळलेलं बरंही करतो, कारण कुठे मारलं की काय होतं हे त्याला ठाऊक असतं. मर्मांना हात लावून उपचार करायची पद्धत अशा लोकांनी हातोहात जपली. आपल्या घरात जे चालतं त्याचं मूळ मात्र अभ्यंगात, म्हणजे अंगाला तेल चोळण्यात आहे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात वाग्भट सांगतो की रोज तेल लावावं आणि डोकं, कान, पाय यांना तर आवर्जून. आजीने रात्री तळपायाला तेल चोळायला लावायचं ते हेच.

अजून एक घोळ इथेच मिटवते. तळपायाचा तो रंगीत तक्ता असतो बघा, अंगठ्यात मेंदू, मधे किडनी, टाचेशी अजून काहीतरी, त्याखाली "प्राचीन भारतीय मर्मविद्या" असं बिनधास्त छापलेलं असतं. तो तक्ता अमेरिकेतला आहे, 1917 च्या आसपास फिट्झगेराल्ड नावाच्या डॉक्टरने झोनची, म्हणजे शरीराच्या उभ्या पट्ट्यांची, कल्पना मांडली आणि 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम या बाईंनी तिचा पायाचा नकाशा केला. सुश्रुताने तळपायात किडनी ठेवलेली नाही. ज्याला तो तक्ता वापरायचाय त्याने खुशाल वापरावा, पण तो म्हणजे मर्म नव्हे.

या मालिशने काय होतं तेही आधीच सांगते. पाय मोकळे होतात, टाचा मऊ पडतात, अंग सैलावतं, बऱ्याच जणांना झोप छान लागते. बीपी, शुगर, गुडघ्याची झीज यातलं काही तळपाय दाबून जात नाही, आणि त्या भरवशावर कोणी गोळ्या बंद केल्या तर मला खरंच राग येतो.

कोणाला करायचं नाही

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून लोक उडी मारून पुढे जातात. मीही गेले होते, निळी पोटरी आठवा.

एकच पोटरी अचानक सुजली असेल, गरम लागत असेल, लाल दिसत असेल, दाबल्यावर दुखत असेल तर तिला हातसुद्धा लावू नका, थेट डॉक्टरकडे. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. विशेषतः लांबचा प्रवास, ऑपरेशन, बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणं यानंतर जास्त सांभाळा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नुसतं हलकं तेल लावणं, दाब नाही. जुना डायबेटिस असून पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर वाटी नको, गरम तेल नको, जोरही नको, कारण त्यांना भाजलेलं-खरचटलेलं कळतच नाही आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाबायचं नाही. ताजी मुरगळ, फ्रॅक्चर, जखम, चिखल्या, ताप असेल तेव्हा नाही. गरोदर बाईने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. जुन्या ग्रंथांत कफाने भरलेल्या माणसाला आणि अजीर्ण झालेल्याला अभ्यंग नको म्हटलंय, म्हणजे पंगतीत जेवून आल्या आल्या पाय चेपून घ्यायला बसू नका, निदान तासभर जाऊ द्या.

आणि मानेच्या दोन्ही बाजूंना, जिथे नाडी लागते, तिथे कधीही दाबायचं नाही. सुश्रुताच्या यादीत तिथल्या सिरामातृका लगेच प्राण घेणाऱ्या मर्मांत आहेत, आणि आजचा डॉक्टरही त्या रक्तवाहिन्या दाबू नका असंच सांगेल. कानशिलावरची शंख मर्मंसुद्धा त्याच यादीतली. तिथे बोटांनी तेल फिरवा, बास.

तयारी

तेल कोणतं यावर प्रत्येक घरात वेगळा पक्ष असतो. आमच्याकडे थंडीत तिळाचं, उन्हाळ्यात खोबरेल नाहीतर गाईचं तूप, टाचांना फारच भेगा असतील तर तिळाच्या तेलात थोडं एरंडेल. नुसतं एरंडेल इतकं चिकट की हात सरकत नाही. दोन्ही पायांना मिळून 2 चमचे पुरतं. तेल गॅसवर तापवू नका, छोट्या वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्याच्या भांड्यात 5 मिनिटं ठेवा आणि मनगटावर थेंब टाकून बघा, बाळाचं दूध बघतो तसं.

नखं कापा. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. पाय कोमट पाण्याने धुवा आणि बेचक्यांतून नीट कोरडे करा, ओलं राहिलं की त्यावर तेल बसून चिखल्यांना आमंत्रण. खाली जुना पंचा अंथरा. ज्याला लावायचं तो उताणा झोपलेला, गुडघ्याखाली उशी, तुम्ही पायथ्याशी. स्वतःचं स्वतः करायचं असेल तर खुर्चीत बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर.

घरातल्या मोठ्यांचं एक वेगळंच असतं. सासूबाईंना सुनेने पाय चेपलेले चालतात पण जावयाने तेलाची वाटी हातात घेतली की त्या ताडकन उठून बसतात, "अहो पाय नका धरू, पाप लागेल मला". अशा वेळी वाद घालू नका, आमच्या ह्यांनी माझ्या आईला सरळ सांगितलं की तुमचे पाय धरायला वाकतोच ना मी, तसंच समजा. चाललं ते.

आता दाब किती द्यायचा. यावर मी एक युक्ती काढली, किचनमधला वजनकाटा घ्या आणि त्यावर अंगठा दाबून बघा. तळपायाच्या मधल्या भागाला 1 किलोच्या आसपास, बेचक्यापाशी आणि घोट्यापाशी त्याच्या निम्मं. काट्यावर 10-12 वेळा केलं की हाताला ते माप कळतं. तुम्हाला धक्का बसेल की आपण नेहमी याच्या तिप्पट-चौपट दाबत असतो. दुसरी खूण चेहऱ्याची. पाय मागे ओढला, कपाळाला आठी आली, श्वास रोखला, की दाब जास्त झाला. "दुखतंय म्हणजे तिथेच अडकलंय, अजून दाबा" हे वाक्य ज्याने शोधलं त्याला माझ्या बाबांची पोटरी दाखवायला हवी.

प्रत्यक्ष मालिश

आधी डावा-उजवा कोणताही एक पाय घ्या आणि पहिलं मिनिट कुठलंही मर्म न शोधता नुसतं तेल माखा. टाचेपासून बोटांपर्यंत तळवा, मग वरची बाजू, मग घोट्याभोवती. हात लांब, संथ. या मिनिटात समोरच्याचा पाय जड होऊन तुमच्या हातात पडायला हवा. पडत नसेल तर तो अजून ताठ आहे, अजून अर्धं मिनिट द्या.

सुरुवात गुल्फपासून. गुल्फ म्हणजे पाय आणि नडगी यांचा सांधा, आपला घोटा. दोन्ही बाजूंची हाडं वर आलेली असतात त्यांच्या भोवती चार बोटांच्या पोटांनी गोल फिरवायचं, हाडावर नाही, हाडाच्या कडेच्या खळगीत. 10 फेरे एका दिशेने, 10 उलट. सुश्रुताने हे मर्म नुसती वेदना देणाऱ्या आठांत टाकलंय, आणि ज्याचा घोटा एकदा मुरगळलाय तो लगेच मान डोलावेल. घोट्याच्या खाली जरा उतरलं की कूर्चशिर, हेही त्या आठांतलंच. इथे अंगठा एका बाजूला आणि मधलं बोट दुसऱ्या बाजूला ठेवून टाच हलकेच चिमटीत धरल्यासारखं करायचं, धरा-सोडा, धरा-सोडा. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांना, म्हणजे मास्तर, कंडक्टर, पोळ्या लाटणाऱ्या मावशी, यांना हे फार आवडतं असा माझा अनुभव.

मग तळहृदय. मधल्या बोटाच्या रेषेत तळव्याच्या बरोबर मधे. नावच बघा किती सुंदर आहे, तळव्याचं हृदय. दोन्ही अंगठे एकावर एक ठेवा, समोरचा श्वास सोडेल तेव्हा हळूहळू दाब वाढवा, श्वास घेईल तेव्हा कमी करा, अंगठे उचलायचे मात्र नाहीत. असे 5 ते 7 श्वास. इथे घाई झाली की सगळं वाया, कारण खटकन दाबलं की तळव्याचे स्नायू आकसतात आणि मग तुम्ही कितीही जोर लावा, आत काही पोचत नाही. गुदगुल्या होणारी माणसं असतात, त्यांच्या तळव्यावर आधी अख्खा तळहात पसरून ठेवायचा, त्याखाली अंगठा सरकवायचा, मग गुदगुल्या होत नाहीत.

तिथून बोटांकडे सरका. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधे क्षिप्र, आणि त्याच्या जरासं वर, घोट्याच्या दिशेने, कूर्च. क्षिप्र जेमतेम अर्ध्या अंगुळाचं सांगितलंय, अंगुळ म्हणजे ज्याचा पाय त्याच्याच बोटाची रुंदी, त्यामुळे टेप घेऊन सेंटीमीटर मोजत बसायची गरज नाही. बेचक्यात वरून अंगठा आणि खालून तर्जनी अशी पकड घ्या आणि तांदळाचा दाणा चोळावा इतकंच चोळा, 20-25 वेळा. कूर्च त्यामानाने मोठं, मुठीएवढ्या पसाऱ्याचं, म्हणून तिथे बोटाचं टोक न वापरता अंगठ्याचा पूर्ण पोट भाग पाऊलभर फिरवा. शेवटी पाचही बोटं मुळापासून टोकापर्यंत एकेक करून हलकी ओढून घ्या. कडाकडा मोडायची नाहीत! मोडल्याचा आवाज आला की काम झालं असं वाटतं, पण तो आवाज सांध्यातल्या हवेचा असतो.

राहिली पोटरी. टाच आणि गुडघ्यामागची खळगी यांच्या मधे, मांस भरलेलं असतं तिथे इंद्रबस्ती. सुश्रुताच्या मते इथला घाव रक्तस्रावाने मारतो, आणि तुम्ही पोटरीच्या आतून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आठवलात तर त्याचं म्हणणं लगेच पटतं. म्हणून इथे अंगठा नाही, कोपर तर नाहीच नाही. दोन्ही तळहातांनी पोटरी दोन बाजूंनी धरायची, पोळीची कणीक तिंबतो तशी सावकाश दाबून सोडायची, खालून वर, 8-10 वेळा. गोळा आलेलाच असेल तर दाबण्याआधी पायाचा चवडा नडगीकडे ओढून धरा, गोळा त्यानेच सुटतो, मालिश नंतर.

हे सगळं एका पायाला 10 मिनिटांत होतं.

काशाची वाटी

वाटी घेताना फसवणूक फार होते. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण 78 ला 22 या प्रमाणात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पितळेची वाटी जास्त पिवळी, काशाची किंचित तांबूस-करडी. दुकानात तळहातावर ठेवून टिचकी मारा, काशाचा नाद लांब घुमत राहतो, टाळाचा घुमतो तसा, पितळ टण् करून गप्प बसतं. पुण्यात तुळशीबागेच्या आसपास भांड्यांच्या दुकानांत मिळते, मूठवाली आणि बिनमुठीची, मी बिनमुठीची घेतली कारण मुठीने जोर जास्त लागतो. काठावरून बोट फिरवून बघा, कुठे धार नको. आणि पाडू नका, कासं ठिसूळ असतं, आजीची वाटी फरशीवर पडली ती सरळ तडकली.

वाटी मर्मांवर दाबायला नसते, ती घासायला असते. तळव्याला परत थोडं तूप लावायचं, वाटीचा फुगीर तळ टेकवायचा आणि तिच्या स्वतःच्या वजनाएवढ्याच दाबाने टाचेकडून चवड्याकडे लांब हात मारायचे, मग तळव्याच्या मधे आठाचा आकडा काढत फिरायचं. एका पायाला 5 मिनिटं पुष्कळ. घोट्याच्या वर, नडगीवर, हाडांवर वाटी नाही.

आता तो काळा रंग. थोड्या वेळाने तळवा आणि तूप काळपट होतं आणि घरात कोणीतरी म्हणतंच, बघा किती उष्णता निघाली. तूप, घाम आणि धातू एकमेकांवर घासले की वाटीचा अंश सुटून ते काळं होतं. काळं जास्त आलं म्हणून उष्णता जास्त होती, कमी आलं म्हणून मालिश कमी झालं असं काही नाही, त्यामुळे काळं येईपर्यंत घासत बसू नका, कातडी सोलवटते. गार वाटतं ते मात्र खरं, धातू अंगाची ऊब ओढून घेतो आणि तळव्याला ते सुखावतं. आषाढीच्या वारीत रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांचे पाय चोळून देणारी मंडळी बसलेली असतात, त्यांना विचारा, दिवसभर चालून आलेला माणूस तेल लागल्या लागल्या डोळे मिटतो.

पाय कोणी धरणारं नसेल तर

हाताचं करा. तळहाताच्या मधेही तळहृदय आहे, अंगठा-तर्जनीच्या मधेही क्षिप्र आहे, घोट्याच्या जागी मनगटाचं मणिबंध. क्रम तोच, दाब निम्मा. दिवसभर माऊस आणि मोबाईल धरून बसणाऱ्यांना मी तर पायाच्या आधी हेच सांगते. झोपताना भुवयांच्या मधे, स्थपनीवर, मधल्या बोटाने तेलाचा एक थेंब गोल गोल फिरवत राहायचं, दाब शून्य, नुसता स्पर्श. व्हिडिओंमध्ये तिथे अंगठा रोवलेला दाखवतात. करू नका, उगाच डोकं ठणकतं.

झाल्यावर

5 मिनिटं तसंच पडू द्या. मग जास्तीचं तेल कोरड्या कापडाने टिपून घ्या, विशेषतः बेचक्यांतलं, आणि सुती मोजे घाला. मोजे घातल्याशिवाय किंवा पाय पुसल्याशिवाय कोणालाही टाइल्सवर उतरू देऊ नका, आमच्या शेजारच्या काकू तेल लावून तशाच बाथरूमला निघाल्या आणि मनगट मोडून घेतलं. रात्री म्हाताऱ्या माणसांना उठावं लागतं, तेव्हा हे जास्तच बघा. बेडशीटला लागलेलं तेल लगेच साबण चोळून ठेवलं तरच निघतं, दुसऱ्या दिवशी वास बसतो.

रोज जमलं तर रोज, नाहीतर आठवड्यातून 2-3 वेळा. सलग केलं तर टाचांमधला फरक दोनेक आठवड्यांत हाताला लागतो. कुठल्याही दिवशी एखादी जागा दाबल्यावर पुढचे दोन दिवस दुखत राहिली तर ती जागा सोडून द्या आणि दाखवून घ्या.

वाटी चिंचेने घासून, धुऊन, कोरडी पुसून ठेवायची, ओली राहिली की हिरवट डाग धरतात. आमची मी देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवते, कारण एकदा पाहुण्यांना कोणीतरी त्याच वाटीतून तूप वाढायला निघालं होतं.